गेम अडखळतोय, असं हे म्हणायचे

"आमच्या मुलाच्या पायाला भिंगरी आहे," असं सासूबाईंनी लग्नाच्या बोलणीतच सांगून टाकलं होतं. मला वाटलं, कौतुक चाललंय. ती धोक्याची सूचना होती हे संसाराला लागल्यावर कळलं. हा माणूस जेवताना पाय हलवतो, फोनवर बोलताना घरभर फिरतो, आणि रांगेत उभा केला तर पुढच्यांना नीट उभं राहायला शिकवतो. स्वस्थ बसलेलं मी ह्यांना एकाच जागी पाहिलंय, व्हॅनच्या स्टिअरिंगमागे.

सकाळी मुलांना शाळेत पोचवायचं, दुपारी आणून घरोघर सोडायचं, हा ह्यांचा धंदा. सगळी शाळा ह्यांना व्हॅनकाका म्हणते. इतक्या वर्षांत व्हॅनला साधा ओरखडा नाही. कुठलं मूल वळणावर मळमळतं, कुठली दोघं शेजारी बसली की चिमटे काढतात, कोणाला उतरताना हात द्यायचा आणि कोणाला दिलेला आवडत नाही, हे सगळं ह्यांना पाठ. आणि मधल्या वेळात, म्हणजे इतर ड्रायव्हर झाडाखाली सीट मागे टाकून घोरतात तेव्हा, आमचे हे, गेम खेळण्यासाठीचे कॉम्प्युटर दुरुस्त करतात. शिकले कुठे, विचारू नका. एकदा उघडून बघितला, परत बंद झाला, चालूही झाला, तेव्हापासून डोक्यात वारं शिरलं ते शिरलंच.

आमची पुढची खोली म्हणून अर्धी माझी, अर्धी त्यांची. खिडकीशी माझं शिलाई मशीन आणि शाळेच्या गणवेशांचे ढीग. समोरच्या भिंतीला त्यांचं टेबल, त्यावर पोट उघडं टाकलेले कॉम्प्युटर. माझे धागे त्यांच्या पंख्यात अडकतात, त्यांचे स्क्रू माझ्या पायात घुसतात. भांडायला विषय शोधावा लागत नाही.

ही सगळी गोष्ट सुरू झाली कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यामुळे. गृहस्थ पन्नाशीचा, दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावतो, आणि दुकान बंद केलं की घोड्यावर बसून जंगलात जातो. गेममध्ये म्हणजे. ते एक भलंमोठं जग असतं. शहर, नदी, डोंगर, सगळं एकसलग, वाटेल तिकडे जा, कोणी अडवत नाही. नवं मशीन घेतलं, चित्रं उमटवणारं महागडं कार्ड टाकलं, आणि तरीही घोडा दौडता दौडता मधेच अडखळायचा. क्षणभर चित्र थिजायचं, मग घोडा एकदम पुढे. चष्मेवाला रडकुंडीला आलेला. "व्हॅनकाका, सेकंदाला किती चित्रं, तो आकडा तर चांगला दाखवतोय हो!"

"आकड्याला काय करायचंय?" हे म्हणाले. "आकडा सरासरीचा असतो. मी क्लच दणकन सोडत व्हॅन नेली तरी सरासरी वेग तोच राहील. पण मागची मुलं ओकतील."

हे मात्र ह्यांनी खरोखर छान केलं, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यात एक छोटा ग्राफ लावला. चित्रं ठरल्या वेळेला येतायत की मागेपुढे, ते त्यात दिसतं. सगळं सुरळीत असेल तर रेघ सपाट, अडखळलं की काटा वर. मग नेहमी एकच वाट धरायची. लाकडी पुलावरून, बाजारातून, टेकडीवरच्या पवनचक्कीपर्यंत. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. दोन बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही, म्हणतात. गेम जुन्या गरगरत्या डिस्कवर होता, तो नव्यावर नेला. काटे कमी झाले. रॅमच्या दोन पट्ट्या कोणीतरी शेजारी शेजारी खोचल्या होत्या, त्या एक घर सोडून बसवल्या. आणखी कमी. मागे एक प्रोग्रॅम कोणाला न विचारता स्क्रीनचं रेकॉर्डिंग करत बसला होता, त्याला हाकलला. नव्या जागी गेलं की तिथली झाडं-भिंती रंगवायची तयारी कार्डाला ऐन वेळी करावी लागते, ती गेमला सुरुवातीलाच करायला लावली. रेघ सपाट झाली. चष्मेवाला येऊन खेळून गेला, घोड्याला थोपटावं तसं मशीनला थोपटलं आणि म्हणाला, "लोण्यासारखं चालतंय. घेऊन जातो."

"थांबा," हे म्हणाले. "अजून एक झटका राहिलाय."

"मला तर नाही दिसला."

"चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर बोलणंच खुंटलं," हे म्हणाले आणि मशीन ठेवून घेतलं.

तो जो राहिलेला होता, तो ह्यांच्याशिवाय कोणालाच दिसत नव्हता. ह्यांचं म्हणणं, तो मोठा आहे. घोडा साधा अडखळत नाही, उडी मारतो. पुलावर असतो आणि एकदम बाजारात. कधी दिवसभर होत नाही, कधी लागोपाठ दोनदा. आणि त्या वेळी ग्राफ बघावा तर रेघ सपाट! मग ग्राफच खोटं बोलतोय, असं ठरलं. दुसरा ग्राफ आणला. तोही सपाट. दोघंही खोटारडे ठरले. केबल बदलली, स्क्रीन बदलली, वीज पुरवणारा डबा बदलला, आमच्या स्वतःच्या मशीनमधलं कार्ड काढून त्यात घातलं. माझ्या शिलाई मशीनची मोटर त्रास देत असेल म्हणून मला दोन दिवस काज-बटणांवर बसवलं.

मी मूग गिळून बसणाऱ्यातली नाही. पण खरं सांगते, मला त्याआधीच दुसरीच काळजी लागलेली होती.

एकदा हे मला सांगत होते की त्या पिवळ्या व्हॅनवाल्याने आज पुन्हा गेटजवळची जागा... आणि थांबले. तोंड अर्धवट उघडं, नजर माझ्यावर, पण माझ्यापर्यंत पोचत नव्हती. उजव्या हाताची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती, काढायचंय की लावायचंय ठरत नसल्यासारखी. मी "अहो" म्हटलं. पुन्हा "अहो" म्हटलं. मग ते म्हणाले, "...अडवली," आणि पुढे बोलत राहिले. थांबले होते हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाले, "विचार करत होतो." आयुष्यात कधी थांबून विचार न केलेला माणूस हा.

मग मी लक्ष ठेवायला लागले. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. नेहमी तसंच. बटण, नजर, आणि मग जिथे सोडलं तिथून पुढे. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. म्हणाले, हे मशीन एकदा हातावेगळं करतो. मी म्हटलं, अहो, तुम्ही व्हॅन चालवता. त्यावर जे भडकले! "ओरखडा दाखव व्हॅनला! एक ओरखडा दाखव!" ओरखडा नव्हता, हे खरंच होतं. त्यामुळेच तर मला जास्त भीती वाटायची. उंचावरून पडणाऱ्याला जमीन लागेपर्यंत खरचटत नाही.

एकदा मी व्हॅनमधल्या एका मुलीच्या फ्रॉकचं माप घेत होते. पोरगी सहज म्हणाली, "काल काका सिग्नल हिरवा झाला तरी थांबलेच होते. सगळे पों पों करत होते. आम्हाला मज्जा आली." माझ्या हातातली टाचणी तिच्याऐवजी मला टोचली. तेव्हा थांबले होते म्हणून निभावलं. चालत्या व्हॅनमध्ये तसं झालं तर? दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी व्हॅनमध्ये शेजारी जाऊन बसायला लागले. मुलं खूश, हे चिडलेले. मी अख्खा रस्ता ह्यांच्या बटणाकडे बघत असायची. पण मी बसले की काही व्हायचं नाही. हात स्टिअरिंगवर घट्ट, आरशात नजर, सगळं चोख. "झालं समाधान?" घरी येऊन म्हणायचे आणि तडक त्या मशीनपुढे बसायचे. गणवेशांचा हंगाम, दुपारी मला मशीन सोडता येत नसे. दुपारची फेरी ते एकटेच करायचे, आणि ते परत येईपर्यंत माझी एक शिवण सरळ जात नव्हती.

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललेलं. मी हे तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "कोण म्हैस?" मी ह्यांच्याकडे बघितलं.

शेवटी चष्मेवाल्याने निरोप पाठवला की आज मशीन द्या, नाहीतर मी न्यायला हमाल घेऊन येतो. सकाळची फेरी आटपून हे आले, हात न धुताच टेबलाशी बसले, लगेच उठले, पुन्हा बसले. खोलीतल्या खोलीत पिंजऱ्यातल्यासारखे फिरले. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सगळे पार्ट बदलून झाले," म्हणाले. "एक सोडून."

"कुठला?"

"खेळणारा. तू बस."

मी म्हटलं, मला काय येतंय त्यातलं! पण उठले. मनातून मला हेच हवं होतं, आणि हेच नकोही होतं. त्यांनी माझा मोबाइल घेतला, दोऱ्यांच्या रिळांचा डबा उंच स्टुलावर ठेवून त्याला टेकवला आणि शूटिंग चालू केलं. मशीनमध्ये रेकॉर्डिंग लावलं तर मशीनवर भार पडतो, म्हणून ते आजवर टाळत आले होते. मोबाइलमधून खुर्चीच्या मागून सगळं दिसत होतं, स्क्रीन, टेबल, माउसवरचा हात.

मी घोड्यावर बसले. पहिल्यांदा भिंतीवर आपटले, मग बाजारातल्या माणसांच्या अंगावर गेले, एका म्हाताऱ्याने मला शिव्या दिल्या. हळूहळू जमलं. एवढं मोठं आकाश मी फार दिवसांत बघितलं नव्हतं. पुलावरून पवनचक्कीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. हे मागे उभे राहून ग्राफ बघत होते. कुठे काही अडखळलं नाही.

"ऊठ," ते म्हणाले आणि स्वतः बसले.

मी बाजूला उभी राहिले. पहिली फेरी छान झाली. दुसरीही. हात सफाईने चालत होता, घोडा गल्ल्यांतून पाण्यासारखा जात होता. तिसऱ्या फेरीत पूल दिसायला लागला आणि ह्यांचा उजवा हात माउसवरून उठला. सावकाश वर आला आणि शर्टाच्या बटणाशी गेला.

मी ओरडले नाही. हाक मारली असती तर ते म्हणाले असते की तू मधे बोललीस. ओठ चावून उभी राहिले. डाव्या हाताचं बोट कीबोर्डवरची कळ दाबून होतं, त्यामुळे घोडा चालतच राहिला. पुलाकडे वळायचं होतं, वळला नाही. उतारावरून सरळ खाली गेला, लव्हाळ्यात शिरला, पाण्यात शिरला, गळ्यापर्यंत बुडाला. रेघ सपाट होती.

"बघ! बघ!" हे खुर्चीतून उसळले. "दिसलं ना? पुलाजवळ होतो आणि एकदम नदीत! मारली ना उडी?"

मी मोबाइल उचलून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बघितलं. उडी नव्हतीच. घोडा एक एक पाऊल टाकत नदीत गेला होता, कुठे चित्र तुटलं नव्हतं. आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात ह्यांचाच हात, माउस सोडून बटण चाचपणारा. त्यांनी मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग अगदी संथ करून, एक एक चित्र पुढे सरकवत. मला वाटलं आता म्हणतील मोबाइल खराब आहे. पाय हलायचा थांबला होता.

"एवढा वेळ?" ते म्हणाले.

"दर वेळी साधारण एवढाच."

"एवढ्यात चौकापासून शाळेपर्यंत जाते गाडी."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. इतके दिवस मी घसा कोरडा करून सांगत होते, तेव्हा दोन खोटारड्या ग्राफांइतकीही माझी किंमत नव्हती. पण त्यांच्याकडे बघितलं आणि राग धरून ठेवता येईना. ते खिळ्यावरच्या व्हॅनच्या किल्लीकडे बघत होते. दुपारची शाळा सुटायची वेळ होत आली होती. ते उठले, सवयीने किल्ली काढली, दारापर्यंत गेले. मी आडवी जायला पुढे झाले, पण त्याआधी तेच थांबले. किल्ली मुठीत धरून फोन लावला. पिवळ्या व्हॅनवाल्याला.

गेटजवळच्या जागेवरून त्या दोघांचं वाजल्याला वर्षं झाली होती. एकमेकांचं नाव घेत नव्हते. हे उभ्यानेच बोलले. "तुझी मुलं सोडून झाली की माझी सोडशील का? ...नाही, व्हॅन ठीक आहे. मी ठीक नाही." पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मग हे सांगत सुटले, भराभर, श्वास न घेता. निळ्या दप्तराच्या मुलाला खिडकी दे, वळणावर मळमळतं. जुळ्यांना शेजारी बसवू नको. चष्मा लावणाऱ्या मुलीला हात देऊ नको, ती चिडते. सगळ्यात छोटीला जिन्यापर्यंत सोड, फाटकापाशी सोडू नको, तिथे कुत्रा आहे. सांगताना आवाज एकदाच चिरकला, त्या छोटीच्या वेळी.

फोन ठेवला. मला वाटलं, आता बसतील. कुठले! मुलं घरी पोचायची वेळ होईपर्यंत येरझारा घातल्या, मग चपला पायात घातल्या.

"कुठे निघालात?"

"घरोघर. त्यांना मी सांगायला पाहिजे. दुसऱ्याकडून कळायला नको."

त्यांना एकट्याने रस्त्यावर सोडायची माझी छाती नव्हती. कात्री ठेवली आणि मीही निघाले. आम्ही त्यांचा व्हॅनचा रस्ता पायी चाललो. ज्या वळणांवर मी रोज सकाळी जीव मुठीत धरून बसायची, त्याच वळणांवरून. प्रत्येक दारात आधी एकच प्रश्न, मूल पोचलं का? पोचलेलं असायचं. मग हे सांगायचे. "मला मधेच काही कळेनासं होतं. माझ्या लक्षात येत नाही. हिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी तुमच्या मुलांना तसाच घेऊन फिरलो." जुळ्यांच्या आजोबांनी ह्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. निळ्या दप्तरवाल्याच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. एक बाई म्हणाल्या, "काही झालं असतं म्हणजे?" ह्यांनी त्यावर "हो" एवढंच म्हटलं. मी मधे पडून काहीतरी सावरून घेणार होते, पण ह्यांनी मला हाताने थांबवलं.

शेवटचं घर छोटीचं. दुसरा मजला. ती आतून पळत आली, ह्यांच्या गुडघ्याला मिठी मारून परत पळाली. तिची आई दारातच उभी राहिली. ह्यांचं बोलणं ऐकता ऐकता तिचा चेहरा कठीण होत गेला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मशीन बिघडलंय असं मला वाटायला लागलं तेव्हापासून. तेव्हाच थांबायला हवं होतं. उद्यापासून तिला पिवळ्या व्हॅनमध्ये..."

आणि थांबले.

हात बटणाशी गेला. तिची आई त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागली. मी ह्यांचं कोपर धरलं, हलवलं नाही. मागे जिना होता. त्या बाईने काही न विचारता पुढे होऊन दुसरं कोपर धरलं. आतून छोटी कसलं तरी गाणं म्हणत होती. आम्ही दोघी त्यांना तसंच धरून उभ्या राहिलो, आणि मला वाटलं, ह्या बाईला आता काही समजावून सांगायला नको.

"...बसवा," हे म्हणाले. "माणूस चांगला आहे तो, फक्त हॉर्न फार..."

मग त्यांना दोन्हीकडचे हात जाणवले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आत्ता झालं का?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी मला विचारलं ते पहिल्यांदाच.

"झालं," मी म्हणाले.

त्यांनी मागे वळून जिना बघितला, दार बघितलं, भिंतीशी ठेवलेले छोटीचे बूट बघितले, काही हललंय का ते शोधावं तसं.

"मला काहीच दिसलं नाही गं," ते म्हणाले.